तडजोडीच्या काळात आपले येणे कसे सांभाळावे

बँकेशी किंवा पतसंस्थेशी कर्जाची तडजोड झाली की माणसाचे सारे लक्ष देण्याच्या हप्त्यांकडे लागते, आणि लोकांकडून आपल्याला यायचे असलेले पैसे ‘ते नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतात. बेळगावच्या खडे बाजारातली कापडाची दुकाने, उद्यमबागेतल्या लेथच्या शेड आणि खानापूर-निपाणीकडचे शेतकरी यांचे हिशेब लिहिताना मी जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की तडजोड मोडते ती पुष्कळदा या येण्यामुळेच. एक तर ते वेळेवर हाती येत नाही म्हणून, नाहीतर ते आल्याचे लपवले म्हणून.

आपली व्यवस्था नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी कागद वाचून ठरवावे. एकरकमी तडजोडीत, म्हणजे ज्याला सगळे ओटीएस म्हणतात त्यात, येणे वसूल करण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. लोक अदालतीत झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील चालत नाही, म्हणून तिथे हप्त्यांच्या तारखा कबूल करताना येण्याचा अंदाज फार सावधपणे धरावा. दिवाळखोरीची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्याखाली न्यायालयाने एखाद्याला दिवाळखोर ठरवले की त्याची मालमत्ता, आणि तिच्याबरोबर त्याचे येणेही, न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या ताबेदाराकडे, जाते. त्यानंतर त्याने परस्पर वसुली करणे, सूट देणे किंवा पावती फाडणे चालत नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच, त्यामुळे आपला छोटा दुकानदार त्यात सहसा येत नाही.

यानंतर येण्याची यादी करावी. कोणाकडून, किती, कोणत्या तारखेचे, कशाबद्दल आणि हातात कोणता कागद आहे, एवढे पाच रकाने पुरेत. हातउसने दिलेले पैसे, जागेची अनामत, विम्याचा दावा, आयकराचा परतावा, बुडालेल्या पतसंस्थेत अडकलेली ठेव, भाऊबंदांच्या वाटणीत ठरलेली रक्कम, हे सारे येणेच आहे. लोक यादीत फक्त दुकानाची उधारी लिहितात आणि इथेच चुकतात. ज्या संस्थेचे कर्ज आहे तिथेच आपली ठेवही असेल, तर ती ठेव तडजोडीच्या रकमेत धरली आहे की वेगळी ठेवली आहे, हे तडजोडीच्या पत्रात लिहून घ्यावे. व्यवस्थापकाने तोंडी दिलेला शब्द त्याची बदली झाल्यावर कोणीही पाळत नाही.

ही यादी धनकोला, म्हणजे ज्याचे कर्ज आपण देणे आहोत त्याला, दाखवावी की नाही, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल, घेतलेल्या व्यापाऱ्याची उधारी बहुधा माल आणि यंत्रांबरोबरच बँकेकडे तारण लिहिलेली असते. दरमहा बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे माल व उधारीच्या तक्त्यात, ती आपणच कळवलेली असते. जीएसटीच्या विवरणात कोणाला किती माल दिला हे दिसते, आणि कोणी टीडीएस कापला असेल तर तोही आयकराच्या खात्यात दिसतो. तेव्हा लपवून काही साधत नाही, उलट धोका आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२१ नुसार, आपल्याला येणे असलेले कर्ज आपल्या देण्यासाठी धनकोंना उपलब्ध होऊ नये म्हणून अप्रामाणिकपणे अडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हेच कलम ४२२ होते. ग्राहकाला ‘पैसे माझ्या मेहुण्याच्या खात्यावर टाका’ असे सांगणे ही अनेकांना साधी युक्ती वाटते. कागदावर ती कशी दिसेल याचा विचार ते करत नाहीत. मात्र कायद्याने काही रकमांना जप्तीपासून संरक्षण दिलेले आहे, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये भविष्य निर्वाह निधी व निवृत्त सरकारी नोकराची ग्रॅच्युइटी त्यात येते. अशा रकमा यादीत लिहाव्यात, पण त्या देण्यात घालण्याची कबुली घाईने देऊ नये.

वसूल झालेला पैसा कोणत्या खात्यात जमा करायचा, हेही आधी ठरवून घ्यावे. थकलेल्या कर्जखात्यात तो सरळ भरला तर बँक तो आधी व्याजात किंवा खर्चात वळती करू शकते आणि तडजोडीचा हप्ता तसाच थकलेला दिसतो. म्हणून तडजोडीची रक्कम स्वतंत्र, ‘नो लीन’ खात्यात, म्हणजे जिथली रक्कम बँकेला परस्पर दुसरीकडे वळवता येत नाही अशा खात्यात, घ्यावी आणि प्रत्येक भरण्याची पावती तडजोडीच्या संदर्भ क्रमांकासह द्यावी, अशी लेखी विनंती करावी.

येण्याच्या भरवशावर तारखा कबूल करताना माझा नियम कडक आहे: ज्या येण्यावर सही केलेला कागद नाही, ते शून्य धरावे. तडजोडीची मुदत चुकली तर मिळालेली सवलत रद्द होऊन पूर्ण थकबाकी पुन्हा उभी राहते, आणि ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पार्टी पैसे देणार होती’ हे कारण तिथे कोणी ऐकत नाही.

उसाचे बिल

या भागात सर्वांत मोठे येणे म्हणजे उसाचे बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यायला हवे. प्रत्यक्षात काय होते, हे शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही. तडजोडीत अडचण येते ती कपातीची. सोसायटीच्या किंवा बँकेच्या पीककर्जापोटी कारखाना बिलातून रक्कम परस्पर कापतो. आपण तडजोड केली तरी जुने कपातीचे पत्र कारखान्याच्या संगणकात तसेच राहते आणि एकच रक्कम दोनदा जाते. म्हणून तडजोड होताच धनकोकडून ‘यापुढे अमुक एवढीच कपात करावी’ असे पत्र घेऊन ते कारखान्याच्या शेती विभागात द्यावे आणि पोच घ्यावी. ऊस सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कारखान्याला घातला असेल तर थकीत बिलाची तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करावी लागते, इकडच्या कार्यालयात नव्हे. चुकीच्या दारात अर्ज देऊन हंगाम वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

उद्यमबागेतल्या जॉबवर्क करणाऱ्यांनी उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र काढून पाहावे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत; नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणी माल देण्यापूर्वीची हवी, हे मात्र लक्षात ठेवावे.

मुदत, चेक आणि रोख

आपण स्वतः तडजोडीत आहोत म्हणून आपल्या येण्याची मुदत थांबत नाही. साध्या उधारीवर दावा लावायला तीन वर्षे असतात. या काळात समोरच्याने सही करून बाकी मान्य केली, तर तेव्हापासून नवी तीन वर्षे धरली जातात. मुदत संपल्यावर घेतलेल्या साध्या मान्यतेचा तसा उपयोग होत नाही. म्हणून दरवर्षी मार्चअखेर, किंवा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पाडव्याला वही बदलताना, प्रत्येक पार्टीकडून शिल्लक मान्यतेच्या पत्रावर सही घ्यावी. पत्र समोरच्याला वाचता येईल त्या भाषेत असावे. गोकाकच्या कन्नड व्यापाऱ्याने मराठी पत्रावर केलेली सही पुढे ‘मला मजकूर समजला नव्हता’ या वाक्यावर अडकू शकते.

कोल्हापूर, गडहिंग्लजकडच्या पार्टीचा चेक न वटता परत आला तर घाबरू नये. चेकच्या कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावकराला सीमा ओलांडावी लागत नाही. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस द्यायचे, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करायची. नोटीस गेल्यावर पुष्कळ पैसे न्यायालयाची पायरी न चढताच येतात.

रोखीने वसुली शक्यतो टाळावी. हातउसने दिलेले पैसे व्याजासह २०,००० रुपये किंवा अधिक होत असतील, तर समोरच्याने ते रोख परत करणे आयकर कायद्याला मान्य नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणेही दंडास पात्र आहे. शिवाय रोखीचा पैसा घरखर्चात कसा विरघळतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

नात्यातल्या येण्याबद्दल एक गोष्ट अवघड वाटली तरी सांगतो. तडजोडीच्या काळात भावाला, साडूला ‘राहू दे’ म्हणून रक्कम माफ करू नये, आणि आपल्या एखाद्या देण्यापोटी दुसऱ्याकडून येणारी रक्कम त्या एकाच धनकोच्या नावावर लिहून देऊ नये. पुढे प्रकरण दिवाळखोरीपर्यंत गेलेच, तर अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतली मोबदल्याशिवायची हस्तांतरणे आणि तीन महिन्यांतले एकाच धनकोला झुकते माप देणारे व्यवहार न्यायालय रद्द ठरवू शकते. थोडी सूट देऊन पैसे लवकर मिळत असतील, तर ती धनकोला कळवून आणि पत्रावर लिहून द्यावी.

शेवटचा हप्ता भरला की बेबाकीचा दाखला घ्यावाच, पण त्याबरोबर उधारीवरचे तारण उठवल्याचे पत्रही मागावे. ते पत्र नसेल, तर त्यानंतर वसूल होणाऱ्या जुन्या बाकीवर आपला निर्वेध हक्क आहे हे दाखवायला हातात काही राहत नाही, आणि नव्या बँकेत कर्जमर्यादा मागताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.