बॅरनवर 'उद्रेक' दिसला? आधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात नागपुरातली प्रोजेक्टवाली पोरं येतात, कूलरसमोर लॅपटॉपवर सॅटेलाइटच्या इमेजेस उघडतात आणि दोनच दिवसांत मेसेज येतो, "सर, बॅरनवर उद्रेक!" बॅरन आयलंड म्हणजे अंदमानातला आपला ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किमी. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये जागा झाला आणि अजूनही अधूनमधून पेटतो, त्यामुळे असा मेसेज खराही असू शकतो आणि चूक पटकन लक्षात येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवसाच्या थर्मल इमेजवर (म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या इमेजवर) विश्वास. एका पोरानं लँडसॅट या सॅटेलाइटची इमेज घेतली, बेट लालभडक, न विचारता गाईडला मेल टाकून मोकळा. मी विचारलं, पास (सॅटेलाइट वरून गेल्याची वेळ) किती वाजताचा? सकाळी दहाच्या आसपासचा. अरे बाबा, काळा लाव्हा उन्हात तापणारच ना, मे महिन्यात आपल्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून बघ! बाजूचा समुद्र थंड, म्हणून बेट आणखीच उठून दिसतं. त्यातून सॉफ्टवेअरचं ऑटो स्ट्रेच, म्हणजे रंग आपोआप ताणून लावणं, ते प्रत्येक इमेजमध्ये काहीतरी लाल करूनच दाखवतं. मग व्हिअर्सच्या (रात्रीही उष्णता टिपणारा सॅटेलाइटवरचा सेन्सर) चार रात्री बसून बघितल्या, काही नाही. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचा बँड १२ (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा एक पट्टा) उघडला, तिथेही विवर काळंच. बिचाऱ्याला दुसरा मेल टाकावा लागला. माझी सवय सांगतो, आधी रात्रीचा डेटा, मग बँड १२ आणि ११ शेजारी ठेवायचे (खरा तापलेला लाव्हा साधारण १२ मध्ये जास्त उजळतो), आणि कलर स्केल कायम हातानं लावायचा.

दुसरी चूक, ढगाला शांतता समजणं. पावसाळ्यात अंदमानवर आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही आणि पोरं एक्सेलमध्ये शून्य भरतात. शून्य कसं? तुम्ही बघितलंच नाही! दक्षिण अटलांटिकमधला माउंट मायकल ज्वालामुखी बघा, कायम ढगात, तिथलं लाव्हाचं तळं २००३ ते २०१८ च्या इमेजेस चाळून २०१९ मध्ये पक्कं झालं. इतका धीर लागतो, एका इमेजवर निकाल लावणाऱ्यांचं हे काम नाही. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: दिसलं, नाही दिसलं, ढग. ढगाच्या दिवसांत सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं रडार बघायचं, ते ढगातूनही बघतं; त्यात उष्णता कळत नाही पण विवराचा आकार बदलला तर कळतो.

मोडिस या सॅटेलाइट सेन्सरचा थर्मल पिक्सेल (इमेजमधला सगळ्यात लहान चौकोन) १ किमीचा, बॅरन जेमतेम ३ किमी रुंद, तेव्हा त्यावरून "लाव्हा कोणत्या बाजूनं वाहिला" वगैरे लिहू नका.

आणि इमेजवरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते. १९:३० चा पास म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक, तारीख पुढची.