आयटीपीच्या ट्रायलला हो म्हणण्याआधी

मी एसटीत कंडक्टर. तिकीट मशीनचा पट्टा खांद्यावर घासतो तिथे निळे डाग उठायला लागले आणि कळलं, मला आयटीपी आहे: शरीर स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, मारतंय. दीड लाखाच्या वर हव्यात, माझ्या नऊ हजार. स्टेरॉइडने चढायच्या, डोस उतरवला की परत खाली. मग डॉक्टरांनी नव्या गोळीच्या ट्रायलचं विचारलं.

जागच्या जागी सही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या. मी ते स्वारगेट-सातारा गाडीत वाचलं, मग घरी जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनीच अडवलं: 'प्लासिबो म्हणजे औषध नसलेली नुसतीच गोळी? मग प्लेटलेट घसरल्या तर?' हे लिहून न्या आणि विचारा. आमच्यात तिघांतल्या एकाला प्लासिबो होता, पण प्लेटलेट फार उतरल्या तर नेहमीचं औषध मिळणार होतं. गोळीने अपाय झाला तर 2019च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार उपचाराचा खर्च प्रायोजकाचा, म्हणजे ट्रायल करवणाऱ्याचा. तो मजकूर बोट ठेवून दाखवायला सांगा. सही केलेली प्रत तुमच्याकडे हवीच. कधीही बाहेर पडता येतं.

1950 साली अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या डॉक्टरने अशा रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या. त्याला अडवायला एथिक्स कमिटी, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी समिती, नव्हती. आपल्याला आहे. तिचा नंबर कागदावर असतो, मोबाइलमध्ये घालून ठेवा.

प्रवासखर्च मी मागितलाच नाही, पास आहे म्हणून. बावळटपणा. रिक्षा कोण देणार?

एकदा रिपोर्ट आला सहा हजार, अंगावर मात्र एक डाग नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट गुठळतात आणि मशीनला कमी दिसतात. निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, स्लाइड पाहिली: अठ्ठेचाळीस हजार. आकडा अंगाशी जुळत नसेल तर बोला.

डायरीत डाग, हिरड्या, पाळीचे पॅड, सगळं रोज लिहा. लाजून 'ठीक आहे' लिहू नका. ॲस्पिरिन, ब्रुफेन बंद. डोकं एकाएकी भयंकर दुखलं तर डायरी राहू द्या, थेट इमर्जन्सी गाठा.

आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या जपा, तिथे मोजतात. सासूबाईंनी माझ्या कचऱ्यात टाकल्या, मी डबा उपसला. एखादी गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. तिकिटं आणि कॅश ओढूनताणून जुळवणारे मी डेपोत पुष्कळ पाहिलेत.