जुन्या गाडीची स्टेपनी बदलायची तर काय काय बघायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या पुढं जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको, पण त्या उन्हात दिवसभर उभ्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल याचा विचार कोणी करत नाही, आणि तिथंच मॅटखाली आपली स्टेपनी पडलेली असते. बऱ्याच जणांची तर शोरूममधून आली तीच. २०१०-१२ ची अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, चालते चार टायर दोन-दोनदा बदलून झाले, स्टेपनी मात्र पहिलीच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे नवाच शे ना भो तो, एकदा बी वापरेल नही."

इथंच फसायला होतं. नक्षी पूर्ण, रबराचे बारीक केस पण जागेवर, त्यामुळं डोळ्याला नवा वाटतो. पण रबर नुसतं पडून पण म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन रबरात मुरत राहतो, आत भरलेली हवा पण दाबामुळं आतून तेच काम करत असते, आणि गरमी जितकी जास्त तितकं हे लवकर. वरून टायरच्या रबरात मेणासारखा एक माल मिसळलेला असतो तो टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतो आणि तडे जायला आळा घालतो. पडून राहिलेल्या टायरला हे संरक्षण नीट मिळतच नाही. मग बाहेरून चकाचक दिसणारा टायर हायवेला ८०-९० ला पळवला की नक्षीचा पट्टाच सुटून येतो. तेव्हा स्टेपनीची नक्षी बघायचीच नाही, तारीख बघायची.

तारीख कुठं असते? टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) असं लिहिलेलं असतं, पुढं अक्षरं-आकडे आणि शेवटी चार आकडे, बहुतेक लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३११ असेल तर २०११ चा २३ वा आठवडा, म्हणजे जून २०११ चा माल. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, दिसले नाही तर टायर पालथा करून बघा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, त्यावर अजून विचार करत बसू नका.

साधारण हिशोब असा की पाच वर्षांपर्यंत टेन्शन नाही, पाचनंतर दरवर्षी नीट तपासायचा, आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू द्या, काढून टाकायचा. काही गाडी कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदला म्हणतात. माझं मत विचाराल तर खान्देशातल्या उन्हात सात-आठच्या पुढं कशाला न्यायचं. ज्याची गाडी सावलीत, पत्र्याच्या नाही तर स्लॅबच्या शेडमध्ये उभी असते त्यानं एखादं वर्ष जास्त काढावं, ज्याची उघड्यावर असते त्यानं काढू नये.

आता स्टेपनी बाहेर काढा. डिक्कीत असेल तर सोपं आहे, मधला बोल्ट हातानं फिरतो, गंजला असेल तर थोडं तेल सोडून दहा मिनिटं थांबा. जुन्या गाडीत मागून सीएनजी किंवा एलपीजीची टाकी बसवली असेल तर मात्र बघा की टाकी न काढता स्टेपनी निघते का, कारण कितीतरी गाड्यांत टाकी बरोबर तिच्या डोक्यावर बसवलेली असते आणि हे कळतं केव्हा तर रात्री पारोळ्याच्या पुढं पंक्चर झाल्यावर. इनोव्हा, अर्टिगासारख्या गाडीत ती खाली लटकलेली असते, साखळीनं खाली येते, आणि ती यंत्रणा चिखलानं जाम होते. पावसाळा संपला की एकदा खाली घ्या, साफ करा, तेल द्या, परत वर घ्या. बोलेरोवाल्यांची मागच्या दाराला बाहेरच असते, कव्हर असो नसो उन्हात ती सगळ्यात जास्त भाजते, त्यांनी तारखेबाबत अजून कडक राहावं.

बाहेर काढल्यावर उजेडात धरून बघा. बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक तडे, कुठं फुगा, रबर नखानं दाबलं तर दगडासारखं कडक. वाल्वचं रबर वाकवून बघा, तिथं चीर दिसली तर हवा तिथूनच जाते. हवा भरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते बघा, वाल्वच्या टोकावर पण लावा. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर तळाचं रबरी बूच आणि डिक्कीच्या दाराची बीडिंग तपासा, नाही तर नवी डिस्क (टायर ज्यावर चढतो ती धातूची रिंग) पण गंजणार.

टायर बदलायचा हे ठरलं, आता कोणता लावायचा? इथं घाईत दुकानात जाऊ नका, आधी चालत्या चार टायरांची तारीख आणि नक्षी बघा. त्यातले दोन झिजत आले असतील तर दोन नवे घ्या, ते मागच्या चाकांना लावा, मागचे दोन चांगले असतील तर पुढं आणा आणि निघालेल्या दोघांतला बरा असेल तो स्टेपनीला. नवे मागं का, तर ओल्या रस्त्यावर मागचं टोक सरकलं तर गाडी सावरत नाही, पुढचं सरकलं तर निदान स्टिअरिंगला कळतं. आपले टायरवाले बरेच जण पुढं लावा म्हणतात, स्टिअरिंग हलकं वाटतं म्हणून, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, सरळ सांगा मागं लावायचे. फक्त स्टेपनीला जाणारा टायर पाच वर्षांच्या आतला पाहिजे आणि खाचांत निदान ३ मिलिमीटर नक्षी पाहिजे, कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे पण तितकाच उरलेला टायर स्टेपनीला ठेवून काय फायदा.

चारही टायर चांगले असतील तर मग एक नवा घ्या आणि तो डिक्कीत टाकू नका. चालत्या चाकांपैकी एक डिक्कीत टाका आणि पाचही फिरवत राहा, दर आठ-दहा हजार किलोमीटरला. असं केलं की कोणताच टायर पडून म्हातारा होत नाही. अट एकच, पाचही साइजनं आणि डिस्कनं सारखे पाहिजेत. टॉप मॉडेलला चार अलॉय आणि स्टेपनी स्टीलची, कधी एक नंबर लहान असते, तिथं हे जमत नाही, ती स्टेपनी तात्पुरतीच समजायची.

साइज हा वेगळा घोळ आहे. चालत्या टायरवर जे लिहिलं आहे ते आधीच्या मालकानं बदललेलं असू शकतं, म्हणून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, डिस्क १४ इंची. पुढं ८५टी असं असतं, त्यातला ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो आणि टी म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १९० किलोमीटर. वजनाचा आकडा गाडीला दिलेल्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाच माणसं, सामान आणि वरून आंब्याची पेटी घेऊन निघणार असाल तर बिलकुल नाही.

दुकानात टायर मशीनवर चढायच्या आधी तारीख बघायची. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, त्याच्यापुढचा असेल तर दुसरा दाखवा म्हणा. लहान साइजचा माल दुकानात पडून राहतो, १२ इंची टायरला गिऱ्हाईक कमी झालं आहे, म्हणून अल्टो-८०० वाल्यांनी इथं जास्त डोळे उघडे ठेवावे. आयएसआय मार्क बघा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना भाव सांगत असेल तर बिल मागितल्यावर आपोआप खाली येतो. आणि सेकंडहँड टायर स्टेपनीला चालतो असं कोणी म्हटलं तर हो हो म्हणून पुढच्या दुकानात जा, त्याच्या आत किती पॅच आहेत हे बाहेरून दिसत नाही.

टायर चढवताना तिथंच उभे राहा. रबरी वाल्व नवाच टाकायला सांगा, किरकोळ पैशांचा असतो आणि लोक तोच वाचवतात. जुना टायर निघाला की डिस्कची कड बघा, जिथं टायर बसतो तिथं गंजाचे पापुद्रे असतील तर तारेच्या ब्रशनं घासून घ्या, नाही तर नवा टायर पण हळूहळू हवा सोडत राहील. जुन्या काही गाड्यांची डिस्क ट्यूबवाल्या टायरची असते, तिथं ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब टाकावी लागते, ते दुकानदाराला आधीच विचारा. बॅलन्सिंग स्टेपनीचं पण करून घ्या, फिरवाफिरवी करणार असाल तर लागतंच.

हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त भरून ठेवा, कारण महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप कमी होते. वापरायची वेळ आली तर काढता येते, भरायला मात्र बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चोपड्याच्या पुढं अर्ध्या रात्री कोण भेटणार. चार चाकांना हवा मारता तेव्हा पाचव्याचं झाकण पण उघडायला लावा, पोरगा तोंड वाकडं करेल, करू द्या.

आता स्टेपनी परत ठेवायच्या आधी जॅक आणि पाना बाहेर काढा आणि घरासमोरच एकदा चाक बदलून बघा. जुन्या गाडीत जॅक कोरडा पडलेला असतो, आट्यांना ग्रीस लावा. पाना नटला नीट बसतो का बघा, मशीनवाल्यानं हवेच्या बंदुकीनं नट इतके आवळलेले असतात की छोट्या पान्यानं हलत नाहीत, तेव्हा घरीच सैल करून हातातल्या पान्यानं परत घट्ट आवळून ठेवा. क्रम लक्षात असू द्या, हँडब्रेक, गिअर, तिरपं समोरच्या चाकाला दगड, नट आधी गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल, मग जॅक, आणि जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच, कारला ती बहुतेक दाराखालच्या पट्टीवरच्या खाचेत असते. निघालेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी त्याच्यावर टेकते. नट आवळताना एकामागोमाग एक गोल न जाता समोरासमोर जायचं, गाडी खाली आली की पूर्ण जोर द्यायचा आणि ५०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा बघायचे.

आपल्याकडं अजून एक गोष्ट लागते, ती गाडीच्या किटमध्ये नसते. जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी. रस्त्याच्या कडेला काळी माती, आणि पावसात जॅक वर जायच्या ऐवजी खाली जातो, गाडी आहे तिथंच. बॅटरी (टॉर्च), रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि जुने हातमोजे पण त्याच पिशवीत टाका. धुळे-जळगाव हायवेला किंवा कन्नड घाटात चाक बदलायची वेळ आली तर जागा बघून थांबा, वळणावर नाही, थोडं हळूहळू चालवून टायर वाया गेला तरी चालेल.

२०२० साली नियम बदलून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली, त्यामुळं हल्ली काही जण म्हणतात स्टेपनी काढून जागा करू. जुन्या गाडीत तो सेन्सर कुठं आहे? आणि बाजूची भिंत फाटली तर किटचा काही उपयोग होत नाही, आपल्या रस्त्यांवर खड्ड्याच्या कडेनं भिंतच फाटते.

निघालेल्या जुन्या टायरचं काय करायचं ते पण ठरवा. दुकानात तसाच सोडला तर पॉलिश मारून कोणाच्या तरी गळ्यात पडायची शक्यता असते, म्हणून तिथंच कटरनं बाजूला मोठी चीर मारायला सांगा. घरी आणायचा असेल, पोरांना झोका करायला, तर खालून दोन-तीन भोकं पाडा, नाही तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास त्यातच होतात. होळीत टाकू नका, तो धूर घशाला चिकटतो आणि शेजारी आठवडाभर बोलत नाहीत.