पीएचडीनंतर प्रोसेस आर अँड डीमध्ये येताय? या चुका टाळा

प्रोसेस आर अँड डीत, म्हणजे लॅबमधली रिअ‍ॅक्शन प्लांटच्या आकाराला आणणाऱ्या विभागात, दर वर्षी नवे डॉक्टरेट रुजू होतात आणि दर वर्षी तेच वाक्य कानावर येतं: "सर, रिअ‍ॅक्शन ओव्हरनाइट ठेवली." का ठेवली? तर संध्याकाळी मेसला जायची सवय! थिसिसमध्ये १६ तास लिहिलेली रिअ‍ॅक्शन बऱ्याचदा तीन-चार तासांतच संपलेली असते, पुढे वाढतात त्या फक्त इम्प्युरिटीज. प्लांटमध्ये १६ तास म्हणजे दोन पाळ्या. माझ्याकडे तासातासाला सॅम्पल काढून एचपीएलसीला (किती माल झाला, किती इम्प्युरिटी हे मोजणारं यंत्र) लावावंच लागतं. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

खरी महागात पडते ती घाई. किलो लॅबमध्ये (प्लांटच्या आधी किलोभर माल करून बघायची जागा) ग्रिग्नार्ड चालू होती, म्हणजे मॅग्नेशियमपासून रिएजंट बनवणारी, भरपूर उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन. नव्या डॉक्टरांनी मॅग्नेशियम आणि टीएचएफ या सॉल्व्हंटवर ब्रोमाइड सोडायला घेतलं. तापमान हलेना. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, जरा थांबा." साहेबांनी उलट थेंबाची धार केली. रिअ‍ॅक्शन उशिरा सुरू झाली आणि साठलेलं सगळं ब्रोमाइड एकदम लागलं. टीएचएफ ६६ अंशांना उकळतं; कंडेन्सरला झेपलं नाही आणि सॉल्व्हंट व्हेंटमधून बाहेर. ठिणगी पडली नाही म्हणून निभावलं.

फ्लास्क असता तर खाली बर्फ सरकवला असता. पण भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की माल हजारपट होतो आणि उष्णता काढणारा पृष्ठभाग शंभरपटच. हे गणित दहावीचं आहे, तरी पीएचडीवाले विसरतात. मी पाच टक्के ब्रोमाइड घालून पंप बंद करायला लावतो. तापमान चढून उतरलेलं डोळ्यांनी दिसलं, तरच पुढचं. सुरू होत नसेल तर आयोडीनचा खडा टाका किंवा मागच्या बॅचचं थोडं ग्रिग्नार्ड घाला. धार वाढवणं हा उपाय नव्हे.

बाकीच्या चुका किरकोळ, पण मुलाखतीत लगेच उघड्या पडतात. "कॉलम करून (सिलिकाच्या नळीतून गाळून) शुद्ध केलं" हे अभिमानाने सांगू नका, क्रिस्टलायझेशन का जमलं नाही ते सांगा. रिएजंटचा किलोचा भाव ठाऊक असू द्या. औषधात उरणाऱ्या डीसीएम या सॉल्व्हंटची मर्यादा ६०० पीपीएम आहे, तेव्हा शेवटच्या पायरीत ते सुचवताना दहादा विचार करा. वर्कअपला (रिअ‍ॅक्शननंतर माल वेगळा काढताना) चटकन पेट घेणारं डायइथिल ईथर लिहिणाऱ्याला मी एक संधी देतो. सोडियम हायड्राइड डीएमएफ सॉल्व्हंटमध्ये टाकून गरम करायला, म्हणजे स्फोटाला आमंत्रण द्यायला, निघालेल्याला तीही नाही.