आधी पायथनचा पत्ता शोधा, मग मोड्यूल कंपाइल करा

मोड्यूल (इंपोर्ट करायची पायथन फाइल) लवकर लोड व्हावं म्हणून आधीच कंपाइल, म्हणजे बाइटकोडमध्ये रूपांतरित, करून ठेवताना बहुतेकांचा वेळ जातो तो भलत्याच पायथनच्या फाइली कंपाइल करण्यात. एकाच मशीनवर सिस्टिमचा एक पायथन, पायएनव्हीने (पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलेला दुसरा आणि प्रोजेक्टच्या व्हेनवमधला (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन-वातावरण) तिसरा, असं सर्रास असतं. ३.११ ने बनवलेली फाइल ३.१२ ला चालत नाही. म्हणून पत्ता पक्का केल्याशिवाय पुढे जाऊच नका. (इथल्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या.)

‘विच पायथन३’वर विसंबू नका. ती फक्त पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) आधी सापडलेलं नाव दाखवते, आणि पायएनव्ही असेल तर ते नाव म्हणजे नुसती मध्यस्थ स्क्रिप्ट असते. त्यापेक्षा पायथनलाच विचारा: ‘इंपोर्ट सिस’ करून सिस.एक्झिक्युटेबल, सिस.प्रीफिक्स आणि सिस.बेस_प्रीफिक्स छापा. शेवटची दोन उत्तरं वेगळी आली तर तुम्ही व्हेनवमध्ये आहात. मग पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) टाकलेली पॅकेजं प्रीफिक्सखाली असतात, पण स्टँडर्ड लायब्ररी बेस_प्रीफिक्सखालीच. विंडोजवर ‘पीवाय -०पी’ दिलं की लाँचरला माहीत असलेले सगळे पायथन पत्त्यासकट दिसतात.

नेमके फोल्डर ‘पायथन३ -एम सिसकॉन्फिग’ सांगते. त्यात स्टँडर्ड लायब्ररीचा पत्ता ‘एसटीडीलिब’समोर आणि पॅकेजांचा ‘प्युअरलिब’समोर असतो. डेबियन-उबुंटूवर एपीटीने (सिस्टिमचं पॅकेज टाकणारं साधन) टाकलेली पॅकेजं साइट-पॅकेजेसमध्ये नव्हे, तर डिस्ट-पॅकेजेसमध्ये जातात. ‘पॅकेज टाकलंय पण दिसत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. एकाच मोड्यूलचा पत्ता हवा असेल तर त्याचं __फाइल__ छापा. रँडम.__फाइल__ तुमच्याच प्रोजेक्टचा फोल्डर दाखवत असेल, तर तुम्ही आपल्या फाइलला रँडम.पीवाय नाव दिलंय आणि इंपोर्ट तीच होतेय.

कंपाइल झालेली फाइल पायथन ३.२ पासून __पायकॅश__ फोल्डरमध्ये असते, उदाहरणार्थ डीकोडर.सीपायथन-३१२.पीवायसी. ३.७ पासून तिचे पहिले १६ बाइट ओळखपत्रासारखे असतात: ४ बाइट आवृत्तीची खूण (३.१२ साठी ३५३१), ४ बाइट फ्लॅग, आणि उरलेल्या ८ मध्ये मूळ फाइल बदलल्याची वेळ व तिचा आकार. इंपोर्टच्या वेळी हे जुळलं तर थेट लोड, नाही तर पुन्हा कंपाइल. वाचतो तो फक्त लोड होण्याचा वेळ. आतलं लूप तसूभरही जलद पळत नाही. शिवाय जी स्क्रिप्ट तुम्ही थेट चालवता तिची पीवायसी बनतच नाही. म्हणून मुख्य फाइल चार ओळींची ठेवा, बाकी कोड मोड्यूलमध्ये हलवा.

लॅपटॉपवर या खटाटोपाची गरज सहसा नसते, कारण पिप पॅकेज टाकतानाच कंपाइल करतो. गरज पडते ती कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या साधनाने बाकी सिस्टिमपासून वेगळं चालवलेलं ॲप): प्रोसेसला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते, किंवा पॅकेजं यूव्हीने (पिपसारखंच दुसरं साधन) टाकलेली असतात आणि यूव्ही --कंपाइल-बाइटकोड सांगितल्याशिवाय कंपाइल करत नाही. मग प्रत्येक नवा कंटेनर सुरू होताना तेच काम पहिल्यापासून करतो. डॉकरफाइलमध्ये (कंटेनरची इमेज, म्हणजे साचा, बनवण्याच्या सूचनांची फाइल) सवयीने घातलेलं पायथनडोंटराइटबाइटकोड=१ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हेही एक कारण. ते असलं तरी तयार पीवायसी वाचल्या जातात, फक्त नव्या लिहिल्या जात नाहीत.

फायदा किती होईल ते आधी मोजा. पायथनपायकॅशप्रीफिक्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कॅश, म्हणजे पीवायसी, कुठे ठेवायची ते यावरून ठरतं) एखाद्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या आणि ‘पायथन३ -एक्स इंपोर्टटाइम -सी "इंपोर्ट पांडाज"’ दोनदा चालवा. आकडे मायक्रोसेकंदांत येतात. पहिली खेप कॅशशिवायची, दुसरी कॅशसकट. फरक नगण्य असेल तर इथेच थांबा.

फरक मोठा असेल तर त्याच पायथनने, ‘पायथन३’च्या जागी त्याचा पूर्ण पत्ता देऊन, हे चालवा:

पायथन३ -एम कंपाइलऑल -क्यू -जे ० /ॲप/सोर्स

‘-जे ०’मुळे सगळे कोअर कामाला लागतात. फोल्डर द्यायला विसरलात तर ती कमांड सिस.पाथमधल्या (इंपोर्टसाठी पायथन जिथे शोधतो त्या) फोल्डरांच्या वरच्याच फाइली कंपाइल करते, उपफोल्डर राहून जातात. काही पॅकेजांत चाचणीसाठी मुद्दाम चुकीचा कोड असतो. तिथे सिंटॅक्स एरर येते, एक्झिट कोड १ (कमांड फसल्याची खूण) मिळतो आणि इमेजची बिल्ड तुटते. ‘-क्यूक्यू’ने फक्त संदेश दडतो, कोड १ च राहतो. खरा उपाय म्हणजे ‘-एक्स’ला (इथे लहान लिपीतला एक्स, इंपोर्टटाइमचा मोठा) रेजेक्स, म्हणजे नावांचा नमुना, देऊन ते फोल्डर वगळणं.

सगळ्यात फसवी चूक वेळेच्या खुणेची आहे. बिल्डमध्ये सगळ्या फाइलींची तारीख एकच ठेवलेली असेल आणि तुम्ही ‘टाइमआउट = ५’चं ‘टाइमआउट = ७’ केलंत, तर वेळ तीच, आकारही तोच. मागची पीवायसी तिथे उरली असेल तर पायथन तिलाच ताजी समजतो आणि ५ च वापरत राहतो. अशा बिल्डसाठी --इनव्हॅलिडेशन-मोड चेक्ड-हॅश द्या. मग तुलना मजकुराच्या हॅशशी (मजकुरावरून काढलेली खूण) होते. अनचेक्ड-हॅशमध्ये तपासणीच होत नाही, त्यामुळे ती फक्त कधीच न बदलणाऱ्या इमेजसाठी वापरा. तिथे फाइल बदलावीच लागली तर ‘-एफ’ लावून पुन्हा कंपाइल करा आणि प्रोसेस रीस्टार्ट करा.