गावच्या रंगमंचावर शोकांतिका बसवताना या चुका टाळा

दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांचे दिवस आले की झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, गावोगावी नाटकांची बोलणी सुरू होतात. नाटक कंपन्यांचे ठाणे असलेल्या वडशाला जाऊन कंपनीचे नाटक ठरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गावातीलच पोरांना हाताशी धरून जे हौशी मंडळ शोकांतिका बसवते, त्याच्यासाठी हे लिहिले आहे. अशा मंडळाचे नाटक फसते तेव्हा दोष नटांच्या माथी मारला जातो. पण माणसाच्या नाशाचे मूळ प्रत्येक काळाने वेगवेगळ्या ठिकाणी पाहिले आहे, हे लक्षात न घेता सगळ्या शोकांतिका एकाच सुरात बसवणे, हे फसण्याचे कारण मला अधिक वेळा दिसते.

नायकाच्या हालांची प्रेक्षकांना कीव येत नसेल आणि ‘बरे झाले, माजला होता’ असे शब्द कानावर येत असतील, तर पहिला प्रवेश तपासावा. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने नायकाच्या पतनाला कारण म्हणून जी चूक सांगितली, तिचा अर्थ वर्गात अनेकदा दुर्गुण असा शिकवला जातो, आणि मग ग्रीक नाटककार सोफोक्लिसचा इडिपस पहिल्या पावलापासून गर्विष्ठ रंगवला जातो. वास्तविक तो साथीने गांजलेल्या प्रजेसमोर काळजीने उभा राहिलेला राजा आहे, आणि बापाचा खून व आईशी लग्न हे जे भाकीत टाळण्यासाठी तो घर सोडून पळाला, तेच त्याच्या हातून नकळत खरे झालेले आहे. हा प्रवेश मायेने वठला, तरच पुढचा घाव लागतो.

ऐन करुण प्रसंगी मंडपात हशा पिकत असेल, तर बहुधा लाल रंग जास्त झालेला असतो. इडिपस स्वतःचे डोळे फोडतो ते पडद्याआड. ती हकीकत निरोप्या येऊन सांगतो. ग्रीक शोकांतिकेत असे भयंकर प्रकार सहसा डोळ्यांपुढे घडत नसत, आणि शब्दांनी उभे केलेले दृश्य रंगाच्या बाटलीपेक्षा अधिक काळ टिकते. निरोप्याचे भाषण लांबते म्हणून ते कापू नये. उलट मंडळातील सर्वांत स्वच्छ वाणीचा नट त्याला द्यावा. ग्रीक वृंदगायनही ‘कथा थांबते’ या सबबीवर गाळले जाते, हे तर आपल्या भागात अक्षम्यच म्हणावे लागेल, कारण दंडार या आपल्या लोकनाट्यात एकत्र गाणारी आणि नाचणारी मंडळी गावातच असताना तो वृंद बाहेर शोधण्याची गरज नाही.

स्थळ आणि काळ यांच्या ऐक्याचा, म्हणजे सगळे एकाच ठिकाणी आणि एकाच दिवसात घडावे असा, आग्रहही सोडावा. ॲरिस्टॉटलचा भर कथानकाच्या एकतेवर होता. बाकीचे कडक नियम सोळाव्या शतकातील इटालियन टीकाकारांनी मांडले आणि पुढे फ्रेंच रंगभूमीने ते पाळले. शेक्सपिअरने त्यांची फारशी पर्वा केली नाही.

विनोदी नटाचे काय करावे, हा खरा पेच आहे, कारण त्याच्याशिवाय आपल्याकडे रात्र निघत नाही. त्याला काढून टाकणे ही चूक आणि वाटेल तिथे घुसवणे ही दुसरी चूक. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून होताच झिंगलेला द्वारपाल बडबडत येतो, तेथे हसू भीतीला धार लावते. ‘एकच प्याला’तील तळीरामाचे मदिरा मंडळही असेच, कारण ज्या मौजेला प्रेक्षक हसतात, तीच नायक सुधाकर वकिलाला गिळत असते. सावनेरला देह ठेवलेल्या गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर 1919 साली रंगभूमीवर आले. त्यात विनाशाचे मूळ दैवात नाही. ते दुखावलेल्या मानात आणि व्यसनात आहे. म्हणून सुधाकराचा भरकोर्टात झालेला अपमान घाईने उरकला, तर पहिला प्याला पोकळ वाटतो. त्याची बायको सिंधू हिच्या अखेरच्या प्रवेशानंतर मात्र विनोदही नको आणि लावणीही नको. प्रेक्षकांकडून बक्षिसाची पाकिटे येत असली तरी नको.

सर्वांत अधिक गफलत आधुनिक नाटकांत होते. इब्सेनने 1879 च्या ‘अ डॉल्स हाऊस’मध्ये बैठकीच्या खोलीतील कलहाला गंभीर नाटकाचे वजन दिले, आणि 1949 साली आर्थर मिलरने एका थकलेल्या फिरत्या विक्रेत्याला शोकांतिकेचा नायक केले. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा गावच्या मातीतले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ 1985 चे. त्यात वडिलांचा मृत्यू नाटक सुरू होण्याआधीच झालेला आहे. पुढे उरतो तो तेराव्याच्या खर्चाचा घोळ, दागिने, वाटण्या आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. हे संवाद ऐतिहासिक नाटकाच्या आवेशात म्हटले, तर देशपांड्यांचे घर दरबार होऊन बसते. नटांनी आवाज ओट्यावरच्या बोलण्याइतकाच ठेवावा आणि मागच्या रांगेची काळजी माईकवर सोडावी. ऑर्गन फक्त दोन प्रवेशांच्या मध्ये वाजवावा, आणि शेवट जोरदार व्हावा म्हणून कोणाच्याही हाती विषाची बाटली देऊ नये.