त्वचेची मासिक तपासणी: फोनची मदत कशी घ्यावी आणि कुठवर

त्वचेच्या कर्करोगाचे उपचार संपतात, टाके निघतात, आणि डॉक्टर सांगतात की यापुढे दर महिन्याला सगळी त्वचा स्वतः तपासत जा. हा सल्ला महत्त्वाचा आहे, कारण ज्याला हा आजार एकदा झाला त्याला तो दुसऱ्या जागी नव्याने होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये अनेक महिने जातात. तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर बहुतेकांची तपासणी मागे पडते. ती निष्काळजीपणाने पडते असे मला वाटत नाही. एक तर ठरलेला दिवस लक्षात राहत नाही, आणि दुसरे म्हणजे तपासायला बसल्यावर 'हा तीळ मागच्या वेळी एवढाच होता का?' या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दोन्ही अडचणी स्मरणशक्तीच्या आहेत. म्हणूनच फोनकडे लक्षात ठेवण्याचे काम सोपवावे, निदानाचे नव्हे.

अशी मदत उपयोगी पडते याचा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये अ‍ॅबर्डीन आणि केंब्रिज येथे मेलॅनोमाचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे, उपचार झालेल्या २४० जणांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्यांना दर महिन्याला आठवण करून देणारे, तपासणीची पद्धत दाखवणारे आणि शंकास्पद जागेचा फोटो प्रशिक्षित परिचारिकेकडे पाठवणारे 'असिका' नावाचे अ‍ॅप टॅबलेटवर दिले होते. वर्षभरात त्या गटातील लोकांची तपासणी अधिक नियमित झाली, आणि सतत त्वचेकडे पाहून काळजी वाढेल ही भीती खरी ठरली नाही. असे खास अ‍ॅप सर्वांना मिळेलच असे नाही; पण त्यातील बहुतेक गोष्टी साध्या फोनवरही करता येतात.

आठवणीसाठी कॅलेंडरमध्ये महिन्यातील एक तारीख आणि आंघोळीनंतरची निवांत वेळ नोंदवून ठेवावी. महिन्यातून एकदा पुरे. रोज पाहिल्याने हळूहळू होणारा बदल डोळ्यांच्या सवयीचा होतो, आणि मन मात्र विनाकारण धास्तावलेले राहते.

खरी मेहनत घ्यायची आहे ती पहिल्या फोटोंवर, कारण पुढच्या सगळ्या तुलना त्यांच्याशीच होणार असतात. हे फोटो डॉक्टरांनी संपूर्ण त्वचा तपासल्यानंतर लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात काढावेत. म्हणजे फोटोत दिसणारे तीळ आणि डाग एकदा तज्ज्ञाच्या नजरेखालून गेलेले असतील. आधी शरीराच्या एकेका भागाचा थोडा दुरून फोटो घ्यावा: चेहरा व मान, छाती, पोट, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, दोन्ही हात, दोन्ही पाय. त्यानंतर डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलेल्या प्रत्येक तिळाचा जवळून फोटो घ्यावा आणि शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवावी. पट्टी नसेल तर आकार मोजता येत नाही आणि तो फोटो निम्मा वाया जातो.

फोटो दर वेळी त्याच खोलीत, त्याच प्रकाशात आणि तेवढ्याच अंतरावरून काढावा. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. चेहरा उजळ करणारे फिल्टर बंद करावेत, कारण ते तिळाच्या कडा आणि रंग पुसट करतात. स्क्रीनवर बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी फोन हलकेच पुढेमागे करून स्क्रीनवर दिसणाऱ्या तिळावर टिचकी द्यावी आणि चित्र स्पष्ट झाल्यावरच फोटो घ्यावा. पाठीसाठी घरातल्या विश्वासू माणसाची मदत घ्यावी. संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण स्वतःची पाठ स्वतःला नीट दिसत नाही.

ठरलेल्या दिवशी मात्र आधी फोन बाजूला ठेवावा. पूर्ण उंचीचा आरसा, हातातला लहान आरसा आणि भरपूर उजेड एवढी तयारी करून डोक्यापासून पायापर्यंत एकाच क्रमाने पाहावे. केसांत भांग पाडत टाळू पाहावी; कानांच्या मागे, काखेत, स्तनांखाली, जांघेत, नितंबांवर आणि गुडघ्यांच्या मागे पाहावे. तळहात, तळपाय, बोटांमधील जागा आणि नखे वगळू नयेत. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांमध्ये मेलॅनोमा एकूण कमी आढळतो, पण झाला तर तो बऱ्याचदा याच जागी होतो, आणि नखाखालची काळी रेघ मार लागल्याची खूण समजून सोडून दिली जाते.

शस्त्रक्रियेचा व्रण पाहून थांबू नये, तो बोटांनी चाचपावा. व्रणाच्या आसपास आणि तिथून जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंतच्या (संसर्गाशी लढणाऱ्या लहान गाठींपर्यंतच्या) पट्ट्यात त्वचेखाली बारीक कठीण गाठ लागते का, मान, काख आणि जांघ येथे सूज जाणवते का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते हातालाच कळते.

त्यानंतर फोन उघडून जुन्या फोटोंशी तुलना करावी. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात अनेक रंगछटा आहेत, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे किंवा तीळ बदलतो आहे, ही मेलॅनोमाची परिचित लक्षणे होत. माझ्या मते यांतले शेवटचे सर्वांत मोलाचे, कारण लहान आणि गोल तीळही धोक्याचा असू शकतो. इतर सर्व तिळांहून वेगळा दिसणारा तीळ, न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा रक्त येणारी खपली आणि झपाट्याने वाढणारी टणक गाठ यांचीही नोंद करावी. काहीच बदल नसेल तर तारीख टाकून 'बदल नाही' असे लिहावे. तीही नोंदच आहे.

बदल दिसला तर फोटो काढावा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखान्याला कळवावे. मेसेजमधून फोटो पाठवताना बऱ्याचदा तो आकुंचित होऊन तपशील हरवतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

फोटो पाहून 'धोका कमी' किंवा 'धोका जास्त' असे सांगणाऱ्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नये. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अशा दोन अ‍ॅपच्या विक्रेत्यांवर पुराव्याविना दावे केल्याबद्दल कारवाई केली होती, आणि २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आढाव्याचा निष्कर्षही हाच होता की अशी अ‍ॅप सर्व कर्करोग ओळखतील असा भरवसा ठेवता येत नाही. अ‍ॅपने चुकून घाबरवले तर एक फेरी वाया जाते, पण चुकून निश्चिंत केले तर उपचाराची वेळ हातातून जाते. स्वतःच्या मनातली शंका आणि अ‍ॅपचा निर्वाळा यांत विरोध असेल, तर शंकेच्या बाजूने जावे.

हे फोटो खासगी असतात. फोनची गॅलरी आपोआप क्लाउडवर किंवा घरातल्या सामायिक अल्बममध्ये जाते का, हे आधी तपासावे आणि फोटो कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावेत. फोन हरवला तर सारी नोंद जाऊ नये म्हणून एक प्रत पासवर्ड घालून दुसरीकडेही ठेवावी. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्यापूर्वी संबंधित जागेचे जुने आणि नवे फोटो शोधून तयार ठेवावेत. एखादा तीळ काढून टाकला किंवा नवा व्रण झाला, तर जखम भरल्यावर त्या भागाचा नवा मूळ फोटो काढावा. जुने फोटो मात्र पुसू नयेत.